सुरू न होणारा जुना लॅपटॉप

आठ-दहा वर्षे वापरलेला लॅपटॉप एके दिवशी सुरू होईनासा झाला, की तो निकामी झाला असे घाईने ठरविले जाते. ज्या घरात मुलांचा अभ्यास, शिष्यवृत्तीचे अर्ज आणि कुटुंबाची छायाचित्रे त्या एकाच यंत्रात असतात, तेथे ही घाई महागात पडते. यंत्र नेमके कोणत्या टप्प्यावर अडते, हे प्रथम पाहिले पाहिजे.

बटण दाबूनही दिवा लागत नसेल, तर दोष बहुधा वीजपुरवठ्यात असतो. चार्जर काढावा, बॅटरी सुटी होत असल्यास तीही काढावी आणि बटण सुमारे ३० सेकंद दाबून धरावे. आत साठलेला विद्युतभार त्यामुळे निघून जातो. मग केवळ चार्जर जोडून पाहावे. उपाय पोरकट वाटेल, पण पुष्कळदा तेवढ्यावरच भागते. बॅटरी फुगलेली असल्यास मात्र यंत्राला वीज जोडू नये. अशी बॅटरी पेट घेऊ शकते.

पंखा फिरतो, पण पडदा काळाच राहतो, अशा वेळी पडद्यावर विजेरीचा प्रकाश तिरपा टाकावा. अंधुक चित्र दिसले, तर केवळ पडद्यामागील प्रकाश गेला आहे असे समजावे. चित्र मुळीच नसेल, तर रॅमची पट्टी काढून पुन्हा घट्ट बसवून घ्यावी.

कंपनीचे चिन्ह उमटते, परंतु विंडोज सुरू होत नाही, हा प्रसंग सर्वांत नाजूक होय. जुन्या यंत्रांतील हार्ड डिस्कमध्ये तबकड्या फिरत असतात. तिच्यातून खटखट असा आवाज येऊ लागल्यास यंत्र पुनःपुन्हा सुरू करू नये. प्रत्येक प्रयत्नात माहिती नष्ट होण्याचा धोका वाढतो. आवाज नसेल, तर डिस्क काढून यूएसबी जोडणीने दुसऱ्या संगणकाला लावता येते आणि फाइली उतरवून घेता येतात. ‘विंडोज नव्याने टाकून देतो’ असे दुरुस्ती करणारा म्हणाला, तर आधी फाइलींचे काय, हे त्याला स्पष्ट विचारावे. डिस्क कुलूपबंद केलेली असल्यास तिची पुनर्प्राप्ती-किल्ली हाताशी हवी.

डिस्कच खराब निघाल्यास तिच्या जागी एसएसडी बसविता येते. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ न पेलणाऱ्या यंत्रावर लिनक्स हा विनामूल्य पर्याय आहे. काढलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात न टाकता अधिकृत संकलन केंद्राकडे द्यावी.