डोळ्यांवर हेडसेट, समोर निर्वासितांची छावणी

व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी म्हटली की घरातल्या बाळगोपाळांना गेम आठवतात. पत्रकारांनी मात्र याच तंत्राने स्थलांतराच्या कहाण्या सांगितल्या आहेत. आम्ही पडलो आयटीवाले, तेव्हा आधी तंत्र.

सगळ्या दिशांना रोखलेले कॅमेरे एकाच जागी ठेवतात आणि त्यांची चित्रे गोधडीसारखी एकमेकांना जोडतात. आपण मान वळवू तो भाग हेडसेट दाखवतो. त्याला किंचित उशीर झाला की घाटातल्या एसटीसारखे मळमळते!

२०१५ साली ‘क्लाउड्स ओव्हर सिद्रा’ या फिल्मने जॉर्डनच्या झातारी छावणीतली १२ वर्षांची सीरियन मुलगी दाखवली. त्याच वर्षी नोव्हेंबरात न्यूयॉर्क टाइम्सने ‘द डिस्प्लेस्ड’साठी दहा लाखांहून अधिक वर्गणीदारांना पुठ्ठ्याचे गूगल कार्डबोर्ड घरपोच पाठवले. त्यात फोन बसवायचा, की युद्धाने विस्थापित झालेली सीरिया, युक्रेन आणि दक्षिण सुदानची तीन मुले समोर. २०१७ मध्ये इन्यारितु यांच्या ‘कार्ने इ अरेना’त प्रेक्षक खऱ्या वाळूवर अनवाणी चालत अमेरिकेच्या सीमेवर पोचत. त्याला विशेष ऑस्कर मिळाले.

दिग्दर्शक ख्रिस मिल्क यांनी या माध्यमाला सहवेदना जागवणारे यंत्र म्हटले होते. आम्हाला ते अर्धेच पटते. चौकट नसल्याने आपण सगळे पाहिले असे वाटते. पण कॅमेरा कुठे ठेवायचा हे दुसऱ्याच कुणीतरी ठरवलेले असते, आणि चित्रात येऊ नये म्हणून तो आडोशाला लपलेलाही असतो. शिवाय हेडसेट आपण काढू शकतो, ती मुले नाही. घर आपणही सोडले, पण व्हिसा आणि दोन बॅगा घेऊन.

म्हणून आम्हाला अधिक भावला तो २०१८ च्या सुमारास ऑक्सफर्डमध्ये सुरू झालेला ‘प्रोजेक्ट दास्तान’. फाळणीत घर सुटलेल्या, आता तिथे जाऊ न शकणाऱ्या वृद्धांना त्यांचे जुने गाव हेडसेटमधून दाखवायचे. इथे बघणारा स्वतःच विस्थापित! कल्याण कॅम्पचे उल्हासनगर कसे झाले हे ठाऊक असलेल्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

गुडघ्यांमुळे प्रवास न झेपणारे आई-बाबा आपल्याकडेही आहेत. पुढच्या भारतभेटीत ३६० अंशांचा कॅमेरा नेणार असाल, तर स्टँड बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा. ते खुर्चीत बसूनच बघणार आहेत. आणि अंगणातले आवाज नीट येऊ द्या, वरून गाणे टाकू नका.