एका पडद्यावर दोन संगणक

एका छपराखाली दोन चुली मांडल्या, की घराची शांतता संपते, असे वडीलधाऱ्या मंडळींचे मत असते. तथापि प्रत्येकाचा वाटा नीट आखून दिला, तर दोन्ही चुली सुखाने पेटतात, असा अनुभव आम्हांस यंदाच्या वार्षिकाचे काम करताना आला. आणि तो संगणकाच्या पडद्यावर!

शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने आम्हांस ३४ इंची रुंद मॉनिटर भेट दिला. विद्यार्थ्यांचे लेख जुन्या संगणकात होते आणि पानांची मांडणी लॅपटॉपवर चालली होती. दोन्ही एकाच वेळी दिसावीत म्हणून आम्ही दोन्ही यंत्रे त्यास जोडली. पडदा दुभागला खरा. परंतु सारी अक्षरे उपासाने वाळल्यासारखी उंच व कृश दिसू लागली. वर्तुळाचे अंडे झाले! भेटवस्तूच सदोष आहे असे आम्ही ठरविले आणि ती परत करण्याचे पत्रही लिहावयास घेतले. सुदैवाने ते पुरे होण्यापूर्वी थोडे गणित मांडून पाहिले.

पडदा लहान लहान प्रकाशबिंदूंचा, म्हणजे पिक्सेलांचा, बनलेला असतो. आमच्या पडद्यावर आडवे ३४४० व उभे १४४० बिंदू आहेत. त्याचे दोन समान भाग केले, की प्रत्येक वाट्यास १७२० गुणिले १४४०, म्हणजे २४,७६,८०० बिंदू येतात. आमची दोन्ही यंत्रे मात्र १९२० गुणिले १०८० बिंदूंचे, म्हणजे २०,७३,६०० बिंदूंचे चित्र पाठवीत होती. तेव्हा जागा अपुरी नव्हती. आकार निराळा होता. रुंद चित्र जवळजवळ चौकोनी चौकटीत कोंबले, म्हणून अक्षरे ताणली गेली.

एकाच संगणकाच्या दोन खिडक्या शेजारी मांडणे निराळे. ते काम संगणकच करतो. येथे वाटणी मॉनिटर करतो. एचडीएमआय, डिस्प्लेपोर्ट किंवा यूएसबी-सी अशा निरनिराळ्या खाचांतून येणारी चित्रे त्याच्या आतील एक चकती, म्हणजे चिप, मापात बसवून एकत्र मांडते. या सोयीस 'पिक्चर-बाय-पिक्चर' म्हणतात. एक चित्र मोठे व दुसरे कोपऱ्यात लहान असेल, तर ते 'पिक्चर-इन-पिक्चर'. ही सोय प्रत्येक मॉनिटरमध्ये असतेच असे नाही. विकत घेण्यापूर्वी विचारून घ्यावे.

उपाय सोपा निघाला. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये आम्ही १७२० गुणिले १४४० हे माप निवडले, आणि अंड्याचे पुन्हा वर्तुळ झाले. जुन्या संगणकास ते माप ठाऊक नव्हते. त्याच्यासाठी मॉनिटरच्या यादीतून चित्राचे मूळ प्रमाण राखण्याची आज्ञा दिली. वर-खाली काळ्या पट्ट्या राहिल्या, पण अक्षरे सरळ झाली.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. शेजारी बसले, म्हणून दोन संगणक एकमेकांस ओळखू लागत नाहीत. आमच्या एका सहकाऱ्यांनी डावीकडील लेख माऊसने ओढून उजवीकडे नेण्याचा बराच प्रयत्न केला. बाण मध्यरेषेशी येऊन, शेताच्या बांधाशी बैल थांबावा, तसा थांबला. लेख न्यावयाचा तर पेनड्राइव्ह किंवा नेटवर्क हवे. एकच कीबोर्ड व माऊस दोन्ही यंत्रांस आळीपाळीने वापरावयाचा असेल, तर 'केव्हीएम स्विच' लागतो. काही मॉनिटरांत तो आतच बसविलेला असतो. आवाजही साधारणतः एका वेळी एकाच यंत्राचा ऐकू येतो.

विद्यार्थिमित्रांनो, हे वार्षिक आम्ही त्याच पडद्यावर तपासले. आणि ते अर्धवट पत्र? त्याचा मायना आम्ही तसाच ठेवला. खालचा मजकूर मात्र आभाराचा लिहिला.