यादी आली, पण मराठी कुठे गेली?

बदलापूर पश्चिमेच्या सोनिवलीत आमचे एक शिक्षकमित्र राहतात. माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवून ते निवृत्त झाले. पण ओळखीचे शिक्षक अजूनही प्रश्नपत्रिका नीट मांडून घेण्यासाठी त्यांच्याकडे येतात. कामाचा झपाटा मोठा, कारण सरांनी बऱ्याच वर्षांत एक यादी जमवली होती. 'शाका' एवढेच टंकले की पडद्यावर 'शास्त्रीय कारणे लिहा' उमटावे, 'रिजा' टंकले की 'रिकाम्या जागा भरा' उमटावे. लेखनाच्या बहुतेक आज्ञावलींत अशी सोय असते. एरवी ती चुकीचे शब्द आपोआप दुरुस्त करण्यासाठी असते. सरांनी तिचा उपयोग लघुलिपीसारखा केला होता.

जुना संगणक अखेर थकला. नव्यावर त्याच आज्ञावलीची नवी आवृत्ती होती. सरांनी जुन्या सेटिंग्जची फाइल शोधून काढली आणि नव्या संगणकात योग्य जागी ठेवली. संगणकाने तक्रार केली नाही. मात्र 'शाका' टंकले, तर 'शाका'च राहिले. यादी उघडून पाहिली, तेव्हा ओळींची संख्या बरोबर होती, पण ओळींत मराठीचे एक अक्षर नव्हते. इंग्रजी अक्षरे आणि विरामचिन्हे यांची नुसती खिचडी!

असे का झाले हे समजण्यासाठी सेटिंग्जच्या प्रोफाइलमध्ये नेमके काय असते ते आधी पाहू या. आज्ञावली तयार होते तेव्हा तिच्यात प्रत्येक गोष्टीचे एक ठरावीक मूल्य असते: समास एवढा, अक्षराचा आकार एवढा. आपण त्यात बदल केला की आज्ञावली सगळी यादी नव्याने लिहीत नाही, बहुधा फक्त फरक टिपून ठेवते. फायरफॉक्स आणि लिबरऑफिस ही या पद्धतीची चांगली उदाहरणे आहेत. यातून एक गमतीचा परिणाम निघतो. ज्या सेटिंगला आपण कधी हातच लावला नाही, तिची नोंदही नसते. त्यामुळे नव्या आवृत्तीने आपले ठरावीक मूल्य बदलले की ते आपल्यालाही लागू होते. 'आम्ही तर काहीच बदलले नव्हते' अशी तक्रार लोक करतात, पण काही बदलले नव्हते म्हणूनच ते बदललेले असते.

नवी आवृत्ती जुनी नोंद वाचते तेव्हा तिला तीन प्रकारची कामे पडतात. काही सेटिंग्जची नावे बदललेली असतात, तिथे जुने नाव पाहून नवे लावावे लागते. काही सोयी काढून टाकलेल्या असतात, त्यांच्या नोंदी वगळाव्या लागतात. तिसरे काम नाजूक, ते म्हणजे मोजमाप बदलण्याचे. १ एप्रिल १९५७ रोजी आपल्याकडे नवे पैसे आले, तेव्हा रुपयाचे १६ आणे जाऊन १०० पैसे झाले. ३ आण्यांचे हिशेबाने पावणेएकोणीस पैसे होतात, व्यवहारात १९ धरले गेले. रूपांतर झाले, पण पाव पैसा त्यात बसला नाही. जुन्या मापातले मूल्य नव्या मापात नेताना आज्ञावलीलाही असेच जवळचे मूल्य धरावे लागते.

सरांच्या यादीत मात्र यांपैकी काहीच घडले नव्हते. फाइल जशीच्या तशी वाचली गेली होती. घोटाळा तिच्यातील आकड्यांच्या अर्थात होता.

संगणक अक्षरे साठवत नाही, क्रमांक साठवतो. जुन्या काळी मराठीसाठी सर्वमान्य क्रमांक प्रचारात नव्हते असे नाही. भारतीय मानक संस्थेने १९९१ साली 'इस्की' नावाचे मानक प्रसिद्ध केले होते. पण छपाईच्या कामात रुळले ते वेगवेगळ्या कंपन्यांचे टंक, म्हणजे फाँट. या टंकांची युक्ती सोपी होती. क्रमांक इंग्रजी अक्षराचाच ठेवायचा आणि त्या जागी चित्र मात्र देवनागरी अक्षराचे बसवायचे. 'कृतिदेव' या टंकात इंग्रजी 'डी'च्या जागी क आहे, 'आर'च्या जागी त, 'एफ'च्या जागी ऱ्हस्व वेलांटी आणि 'एच'च्या जागी दीर्घ वेलांटी. तेव्हा 'किती' हा शब्द साठवला जातो तो एफ, डी, आर, एच असा. कागदावर मराठी उमटते, संगणकाच्या लेखी ते इंग्रजीच असते.

आता सरांचे कोडे उलगडते. यादी साध्या मजकुराच्या रूपात होती, तिच्यासोबत टंकाचे नाव साठवलेले नव्हते. जुन्या संगणकावर भोवतीचा मजकूर जुन्या टंकात असल्याने यादीतील शब्दही त्याच टंकाचा पोशाख चढवून येत. नव्या संगणकावर सर युनिकोडमध्ये लिहू लागले होते. तिथे 'क'ला स्वतःचा क्रमांक आहे, ०९१५. त्याचा 'डी'शी काही संबंध नाही. सरांनी टंकलेला 'शाका' आणि यादीतील 'शाका' यांची गाठ पडणार कशी? शिवाय काही आज्ञावली अशा याद्या भाषावार वेगळ्या ठेवतात. वर्डमध्ये अमेरिकी इंग्रजीच्या यादीला १०३३ हा क्रमांक असतो, तर मराठीचा क्रमांक ११०२ आहे. म्हणजे इंग्रजीच्या खात्यात जमा झालेली मराठी यादी मराठी लिहिताना उघडलीच जाणार नाही.

आम्ही यादीतली एक ओळ उचलून कोऱ्या पानावर ठेवली आणि तिला जुना टंक लावला. क्षणात 'शास्त्रीय कारणे लिहा' दिसू लागले! सरांचा चेहरा खुलला. काहीही हरवले नव्हते, फक्त वाचण्याची किल्ली यादीबरोबर आली नव्हती. सेटिंग्जची फाइल जपून ठेवणारे पुष्कळ भेटतात. तिच्याशेजारी टंकाची फाइल ठेवणारे फार थोडे.

मग प्रत्येक जुन्या क्रमांकाला नवा क्रमांक देणारा तक्ता केला की झाले का? नाही. जुन्या टंकात अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठवतात, युनिकोडमध्ये उच्चारतात त्या क्रमाने. 'किती'तली पहिली वेलांटी जुन्या पद्धतीत 'क'च्या आधी येते, युनिकोडमध्ये नंतर. 'वर्ग' शब्दात जुना क्रम व, ग, रफार असा आहे; नवा क्रम व, र, हलन्त, ग असा. म्हणून रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीला अदलाबदलीबरोबर क्रमही फिरवावा लागतो, आणि प्रत्येक टंकाचा तक्ता निराळा. दुसऱ्याच टंकाचा तक्ता लावला, तर निघणारे मराठी वाचून हसावे की रडावे ते कळत नाही.

योग्य तक्ता मिळाला, यादी युनिकोडमध्ये आली आणि सरांनी दोन रविवार बसून ती नव्या आवृत्तीत एकेक करून भरली. 'शाका' चालू लागले, 'रिजा' चालू लागले. 'ॲधा' मात्र चालेना. त्यातून 'ॲसिडची धातूंशी होणारी अभिक्रिया' उमटायला हवे होते. इथे अडचण अगदी चिमुकली होती. ॲ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक, ०९७२, मिळाला तो २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. जुने टंक हे अक्षर अ आणि चंद्र असे दोन तुकडे जोडून काढत, आणि रूपांतराने तेच दोन तुकडे पुढे आणले. सरांचा नवा कळफलक एकच अक्षर देत होता. डोळ्यांना दोन्ही सारखे. संगणक तुलना करतो आकड्यांची. वर्गात हे करून पाहण्यासारखे आहे: साध्या नोटपॅडमध्ये 'ॲसिड' हा शब्द दोन्ही प्रकारे लिहा आणि शोधण्याची आज्ञा द्या. एकाच पानावर दिसणारे दोन शब्द, त्यांतला एकच सापडेल.

आणखी एक खबरदारी सांगायला हवी. नवी आवृत्ती जुने प्रोफाइल वाचून थांबत नाही, बहुधा ते आपल्या पद्धतीने पुन्हा लिहून काढते. मग जुन्या आवृत्तीला ते नीट वाचता येईलच असे नाही. मे २०१९ मधील फायरफॉक्सच्या ६७व्या आवृत्तीपासून यासाठी पहारा आहे: नव्या आवृत्तीने वापरलेले प्रोफाइल जुनीने उघडू पाहिले, तर ती सूचना देऊन थांबते. असा पहारा सगळीकडे नसतो. तेव्हा मूळ फाइल हलवू नये, तिची नक्कल हलवावी, आणि तीही नवी आवृत्ती पहिल्यांदा उघडण्याच्या आधी काढलेली असावी.

सरांनी आता यादी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये दोन रकान्यांत उतरवली आहे, डावीकडे लघुरूप, उजवीकडे पूर्ण वाक्य. त्याच कप्प्यात जुना टंक आणि त्याचा तक्ताही ठेवला आहे. एक छापील प्रत त्यांनी शाळेच्या जुन्या हजेरीपटाच्या पुठ्ठ्यात बांधून ठेवली आहे. तिच्यात 'ॲधा'पुढे पेन्सिलीने खूण केलेली आहे.