प्रेमदेवता, ग्रीक व रोमन

प्राचीन ग्रीक पुराणकथांतील ॲफ्रोडाइटी व ईरॉस आणि रोमन धर्मातील व्हीनस व क्यूपिड या प्रेमाच्या प्रमुख देवता होत. उत्तरकालीन कलाकाव्यांमुळे त्यांचे नाजूक, खेळकर रूपच सर्वपरिचित झाले आहे. प्राचीनांना मात्र प्रेम ही देवांनाही न आवरणारी शक्ती वाटे व तिच्या उपासनेत भक्तीइतकाच धाकही होता.

ॲफ्रोडाइटीच्या जन्माविषयी दोन परंपरा आहेत. होमरच्या इलियडमध्ये ती झ्यूस व डायोनी यांची कन्या आहे. हीसिअडच्या थिऑगनीत (इ.स.पू. सु. ७००) मात्र क्रोनसने आपला पिता युरेनस याचे जननेंद्रिय कापून समुद्रात फेकले आणि त्याभोवती जमलेल्या फेसातून ती जन्मली, असे सांगितले आहे. तिचे मूळ पश्चिम आशियातील इश्तार–अस्टार्टी या देवतांच्या परंपरेत असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. सायप्रसमधील पेफॉस हे तिचे सर्वांत प्रसिद्ध क्षेत्र. तेथे मानवी मूर्ती नव्हती. एका शंक्वाकृती शिळेची पूजा होई व रोमन काळातील नाण्यांवरही तीच शिळा दिसते. स्पार्टात तिची सशस्त्र मूर्ती होती. उलट इलियडमध्ये ती रणांगणावर डायोमीडीझच्या हातून जखमी होते आणि युद्ध हे तुझे काम नव्हे, असे झ्यूस तिला सुनावतो. तिचे भयंकर रूप पाहावयाचे, ते युरिपिडीझच्या हिपॉलिटस (इ.स.पू. ४२८) या शोकांतिकेत. तिची उपेक्षा करणाऱ्या राजपुत्राला शासन करण्यासाठी ती त्याच्या सावत्र आईच्या, फीड्राच्या, मनात त्याच्याविषयी अभिलाष उत्पन्न करते. फीड्रा निरपराध असूनही तिच्या बळीची देवीला पर्वा नाही.

ईरॉस हा ॲफ्रोडाइटीचा पुत्र, ही कल्पना मागाहूनची. हीसिअडच्या मते तो सृष्टीच्या आरंभीच्या तत्त्वांपैकी एक असून देव-मानवांचे गात्र शिथिल करणारा आहे. ऋग्वेदातील नासदीय सूक्तातही सृष्ट्यारंभी ‘काम’ उत्पन्न झाल्याचा उल्लेख आहे; हे साम्य लक्षणीय असले, तरी त्यावरून एकाने दुसऱ्याकडून कल्पना घेतली, असे म्हणता येत नाही. थेस्पायी येथे ईरॉसची पूजा एका अघडीव दगडाच्या रूपात होई. पुढे कवी व शिल्पकारांनी त्याला पंखधारी युवक बनविले आणि ग्रीकांश काळात तर तो धनुष्यबाण घेतलेला खोडकर बालक झाला.

रोमन लोकांची व्हीनस ही मुळात स्वतंत्र इटालियन देवता. तिच्या नावाचा मूळ अर्थ मोहकता, आकर्षण असा असून संस्कृतमधील ‘वन्’ (इच्छिणे) हा धातू त्याच्याशी संबद्ध आहे. रोममध्ये तिचे सर्वांत जुने ज्ञात मंदिर इ.स.पू. २९५ मध्ये बांधावयास घेतले गेले. व्यभिचाराबद्दल दोषी ठरलेल्या कुलीन स्त्रियांच्या दंडाच्या रकमेतून ते उभारले, असे लिव्ही लिहितो. प्रेमदेवतेच्या मंदिराचा हा खर्च विलक्षणच म्हटला पाहिजे! हॅनिबलकडून ट्रॅसिमीन सरोवराजवळ पराभव (इ.स.पू. २१७) झाल्यावर सिसिलीतील एरिक्सच्या व्हीनसला रोममध्ये मंदिराचा नवस बोलण्यात आला. ट्रोजन वीर इनीअस हा तिचा पुत्र व रोमनांचा पूर्वज, या कथेमुळे ती राष्ट्रमाता ठरली. जूलियस सीझरचे घराणे इनीअसपासून आपली वंशावळ सांगे, त्याने इ.स.पू. ४६ मध्ये ‘जननी व्हीनस’चे मंदिर बांधून या नात्याचा राजकीय उपयोगही करून घेतला.

क्यूपिड (अथवा आमोर) हे ईरॉसचेच रोमन रूप. ऑव्हिडने त्याच्या भात्यात प्रेम जागविणारा सोन्याचा व प्रेमाचा तिटकारा आणणारा शिशाचा, असे दोन बाण कल्पिले आहेत. इ.स. दुसऱ्या शतकातील ॲप्यूलीयसच्या लॅटिन कादंबरीत मात्र क्यूपिड स्वतःच प्रेमात पडतो. त्याची प्रिया सायकी (ग्रीक भाषेत ‘आत्मा’) ही मानवी राजकन्या, आणि सासू व्हीनस तिला जिवावर बेतणारी कामे सांगते. ती पार पडता पडता सायकी मृतवत निद्रेत पडते; अखेर क्यूपिडच्या विनंतीवरून जूपिटर तिला अमरत्व देतो. त्यांना झालेल्या कन्येचे नाव व्होलुप्टास, म्हणजे सुख.