शबरीची बोरं आणि दारातला मुलगा

बालमित्रांनो, सिनेमा-टीव्ही बघून कोणी शहाणं होतं का हो? आई-बाबा म्हणतात, "टीव्हीनं पोरं बिघडली." तुम्ही म्हणता, "आम्ही त्यातून कितीतरी शिकतो!" खरं कोणाचं? आधी माझी एक गोष्ट ऐका.

१९८७ सालच्या जानेवारीत दूरदर्शनवर रामानंद सागर यांची 'रामायण' मालिका सुरू झाली. दर रविवारी सकाळी ती लागायची. आमचं शिरड शहापूर तेव्हा परभणी जिल्ह्यात होतं; हिंगोली जिल्हा झाला तो १९९९ साली. घरोघरी टीव्ही नव्हते. ज्याच्याकडं टीव्ही, त्याच्या घरी अख्खी गल्ली जमायची. एक जण पत्र्यावर चढून अँटेना फिरवायचा आणि खालून सगळे ओरडायचे, "आलं, आलं... गेलं!" मग टीव्हीला झेंडूचा हार, पुढं उदबत्ती. देशभर कितीतरी घरांत असंच चालायचं.

त्या रविवारी शबरीचा प्रसंग होता. रामानं तिची बोरं आवडीनं खाल्ली. बायाबापड्यांनी पदरानं डोळे पुसले. माझेही डोळे भरून आले. तेवढ्यात एक मुलगा दारात आला. शेतातून पळतच आलेला, पाय मातीनं माखलेले. कोणीतरी खेकसलं, "ए, आत येऊ नको! तिथूनच बघ." तो उंबऱ्याबाहेर टाचा उंचावून उभा राहिला. माझ्याच वर्गातला होता तो. माझ्या शेजारी जागाही होती. पण मी काही बोललो नाही. पुन्हा शबरीकडं बघून रडू लागलो!

जवळच्या औंढा नागनाथची कथा तुम्ही ऐकली असेल. संत नामदेवांना देवळासमोर कीर्तन करू दिलं नाही, मागं जायला सांगितलं. ते मागं गेले, तर देऊळच त्यांच्याकडं फिरलं, असं म्हणतात. ही कथा मला तोंडपाठ होती. दगडाचं देऊळ फिरलं, मी मात्र वीतभरही सरकलो नाही.

पुढं 'श्यामची आई' बघितला. आचार्य अत्रे यांचा हा १९५३ सालचा चित्रपट. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळवणारा. आंघोळ झाल्यावर ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून छोटा श्याम हट्ट धरतो. आई त्याचा हट्ट पुरवते आणि सांगते, पायांना जपतोस तसं मनालाही जप. ते ऐकलं आणि मला तो रविवार आठवला. पाय त्याचे मळले होते. मन माझं मळलं होतं.

मग सिनेमा शिकवतो की नाही? शिकवतो, पण एका अटीवर. महात्मा गांधींनी लहानपणी हरिश्चंद्राचं नाटक बघितलं. ते नुसते रडून थांबले नाहीत. सगळेच हरिश्चंद्रासारखे सत्यवादी का होत नाहीत, हा प्रश्न त्यांना रात्रंदिवस छळू लागला. बघणं संपलं आणि प्रश्न सुरू झाला. खरं शिकणं तिथून सुरू होतं.

आता टीव्हीपुढं गल्ली जमत नाही. ज्याच्या-त्याच्या हातात मोबाइल आहे. पण दारं तीच आहेत, बघा. वर्गात एकटा डबा खाणारा मुलगा असतो. खेळात कोणी न घेतलेली मुलगी असते. पडद्यावरच्या माणसासाठी डोळे भरून आले, की एकदा मान वळवून दाराकडं बघायचं. आणि आई-बाबा, सिनेमा संपल्यावर मुलांना तात्पर्य विचारू नका. "त्या जागी तू असतास तर काय केलं असतंस?" एवढंच विचारा. मग तुम्हीही उत्तर द्या बरं का!

पुढच्या रविवारी मी लवकर जाऊन त्या मुलासाठी जागा धरून ठेवली. तो आलाच नाही. तुम्ही मात्र उशीर करू नका.