गरिबाची पत कोणाच्या वहीत?

‘तुमचे सिबिल खराब आहे’ एवढे एकच वाक्य ऐकवून बँकेचा अधिकारी कर्जाचा अर्ज परत करतो आणि आपला माणूस मुकाट्याने बँकेच्या पायऱ्या उतरतो. ते कोणी खराब केले, केव्हा केले, तसे करण्यापूर्वी आपले म्हणणे कोणी ऐकून घेतले काय, हे तो विचारीत नाही. कारण हे प्रश्न विचारण्याचा आपल्याला कायद्याने हक्क आहे, हेच त्याला कोणी सांगितलेले नाही.

सिबिल ही सरकारी कचेरी नाही. ती ऑगस्ट २००० मध्ये स्थापन झालेली एक कंपनी आहे. तिच्याखेरीज इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि क्रिफ हाय मार्क अशा आणखी तीन कंपन्या हाच व्यवसाय करतात. त्यांच्यासाठी संसदेने २००५ साली पतमाहिती कंपन्यांच्या नियमनाचा कायदा केला आणि डिसेंबर २००६ मध्ये तो अमलात आला. प्रत्येक बँक, वित्त कंपनी आणि मायक्रोफायनान्स संस्था आपल्या कर्जदाराची माहिती या कंपन्यांना पुरवते. दुसरी बँक अर्ज आला की पैसे मोजून तीच माहिती विकत घेते. ३०० ते ९०० यांमधला एक आकडा माणसाच्या नावापुढे लागतो. विमा आणि मोबाईल कंपन्यांनाही ही माहिती मिळण्याची वाट २००६ च्या विनियमांनी मोकळी केली आहे. म्हणजे एका दुकानदाराने दुसऱ्याच्या कानात ‘हा गिऱ्हाईक बुडवा आहे’ असे सांगावे, त्याचाच हा कायदेशीर आणि संगणकीय अवतार होय.

पत मोजूच नये, असे माझे म्हणणे नाही. बँकेत ठेवलेला पैसा जनतेचा असतो आणि तो बुडता कामा नये. शिवाय गावगाड्यात पत कशावर ठरत होती, हे आपण विसरलेलो नाही. तेथे सावकार आडनाव आणि वस्ती पाहूनच उधारी द्यायची की नाही ते ठरवीत असे. त्यापेक्षा वेळेवर भरलेल्या हप्त्यांची नोंद केव्हाही बरी. परंतु ही नोंद खरी असेल तरच. खोटी नोंद जुन्या सावकाराच्या वहीइतकीच घातक असते. उलट ती वही गावातच राहत होती, ही नोंद देशभर फिरते.

नोंद बिघडते कशी, ते पाहा. सहकाऱ्यासाठी जामीनदार म्हणून सही केली. त्याने हप्ते थकविले. डाग जामीनदाराच्या नावावरही लागला. बँकेने तडजोडीची रक्कम घेऊन खाते मिटविले. कर्जदाराला वाटले, सुटलो. पण अहवालात खाते ‘सेटल्ड’ म्हणून राहिले आणि पुढची बँक त्याचा अर्थ ‘पूर्ण फेडले नाही’ असा घेते. नावसाधर्म्यामुळे दुसऱ्याचेच कर्ज आपल्या माथी आले, असेही घडते. वस्तीतील बचत गटाच्या भगिनी तर शेजारणीची अडचण भागावी म्हणून स्वतःच्या नावावर मायक्रोफायनान्सचे कर्ज उचलतात. शेजारीण गाव सोडून जाते. थकबाकीदार म्हणून नाव लागते ते हिचे!

हा प्रश्न केवळ कर्जापुरता राहिलेला नाही. सार्वजनिक बँकांतील नोकरभरतीतही उमेदवाराचा पतइतिहास तपासला जातो. पूर्वी कर्ज थकविल्याची नोंद आहे म्हणून स्टेट बँकेने एका निवड झालेल्या उमेदवाराची नेमणूक रद्द केली आणि मद्रास उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये बँकेचा तो निर्णय कायम ठेवला. जनतेचा पैसा हाताळणाऱ्याला आर्थिक शिस्त हवी, हा युक्तिवाद मी समजू शकतो. परंतु ज्या घरात पहिल्यांदाच कोणी पदवीधर झाला, त्या घरातील मुलगा शैक्षणिक कर्ज काढतो, नोकरी मिळेपर्यंत त्याचे हप्ते थकतात, आणि थकले म्हणून नोकरी नाकारायची, तर त्याने ते फेडावे कशाने? याउलट केरळ उच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये केवळ सिबिलचा आकडा कमी आहे म्हणून शैक्षणिक कर्ज नाकारता येणार नाही, असा निर्णय दिला आणि विद्यार्थी हे उद्याचे राष्ट्र घडविणारे आहेत, याची बँकेला आठवण करून दिली. ही दृष्टी संविधानाच्या जवळची आहे.

कोणाचेही म्हणणे ऐकल्याशिवाय त्याला दोषी ठरवू नये, हे नैसर्गिक न्यायाचे पहिले तत्त्व. येथे मात्र आधी नोंद होते आणि माणसाला कळते ते अर्ज फेटाळल्यावर. म्हणून कायद्याने दिलेले हक्क तरी आपण नीट वापरले पाहिजेत.

पहिला हक्क असा की, प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. दुसरा, अहवालाच्या आधारे कर्ज नाकारले तर बँकेने तीस दिवसांच्या आत लेखी कारणे आणि त्या अहवालाची प्रत दिली पाहिजे. तोंडी नकार घेऊन परतू नका, लेखी मागा. तिसरा, चुकीची नोंद दुरुस्त करण्याचा अर्ज तीस दिवसांत निकाली निघाला पाहिजे. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकानुसार त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळते. चौथा, सप्टेंबर २०२२ पासून या कंपन्याही रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाच्या कक्षेत आल्या. २०२१ च्या लोकपाल योजनेत तक्रारीला शुल्क नाही आणि वकिलामार्फत तक्रार घेतलीच जात नाही. वकील असूनही मी या तरतुदीचे स्वागत करतो. पाचवा, पूर्वी कधीच कर्ज घेतलेले नाही, एवढ्याच कारणाने पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याला नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ च्या निर्देशांत बजावले आहे. स्टँड-अप इंडियासारखी योजना २०१६ साली आपल्या तरुणांसाठी निघाली, पण अर्जच फेटाळला गेला तर योजनेचा उपयोग काय?

तेव्हा कार्यकर्त्यांनी जातीच्या दाखल्यासाठी जशी शिबिरे भरविली, तशीच पतअहवाल वाचण्याची शिबिरे आता विहारांत, वसतिगृहांत आणि बचत गटांत भरवावीत. कर्ज फिटले की नो ड्यूज दाखला मागावा, तो जपून ठेवावा आणि महिन्या-दोन महिन्यांनी अहवालात खाते ‘बंद’ दिसते काय, हे तपासावे. जामिनाची सही भिडेखातर करू नये. आपल्या नावाने कोणी काय लिहून ठेवले आहे, ते आपण वाचले नाही तर दुसरे कोणी तरी ते वाचणार, आणि आपला निकाल लावणार!