दगडमातीच्या घरांचा पाया आणि उंदरांचा उपद्रव : रेणापूर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
रेणापूर तालुका हा काळ्या जमिनीचा प्रदेश आहे. सोयाबीन, तूर, हरभरा व ज्वारी ही येथील प्रमुख पिके होत. सुगीनंतर धान्य घरात येते आणि त्यामागोमाग उंदीर व घुशीही येतात. हा प्रश्न सामान्यतः धान्याच्या नासाडीपुरताच पाहिला जातो. वस्तुतः घराच्या पायाची सुरक्षितता आणि कुटुंबाचे आरोग्य या दोन्ही गोष्टी त्याच्याशी निगडित आहेत. प्रस्तुत लेखात या संबंधाचे विवेचन केले आहे.

१९९३-९४ चा अनुभव :
३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांतील दगडमातीची, माळवदाची घरे मोठ्या प्रमाणावर कोसळली. भूकंपानंतर या भागात अनेक कुटुंबांनी तडे गेलेली घरे सोडली. धान्य मात्र त्यांतच साठविले गेले. माणसांचा वावर नसलेल्या या घरांत उंदरांना अन्न व आसरा दोन्ही मिळाले. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला या गावी गाठीच्या प्लेगची नोंद झाली. भूकंप, पडकी घरे, धान्यसाठा व उंदरांची वाढ यांतील दुवा तज्ज्ञांनी त्या वेळी निदर्शनास आणला.

पायाला धोका कसा पोहोचतो :
पाश्चात्त्य देशांतील अनेक घरांत जमिनीखाली पोकळी ठेवलेली असते. मराठवाड्यात तशी रचना नाही. येथे जोत्यात माती-मुरमाचा भराव असतो, तर काही जुन्या वाड्यांत धान्याचे पेव आढळते. जुन्या भिंतीत दगडांचे दोन थर व मध्ये मातीची भर असते. थर बांधून ठेवणारे आरपार दगड बहुधा नसतात. घूस हीच माती उकरते. काळा उंदीर मुख्यतः माळवदात व भिंतीच्या वरच्या भागात राहतो. घूस मात्र बिळे खणते आणि बिळात धान्यही साठविते. बिळातून पावसाचे पाणी पायाखाली शिरते. काळी माती भिजल्यावर फुगते व वाळल्यावर आकसून भेगाळते. त्यामुळे जोते एका बाजूने खचते आणि आधीच दुबळी असलेली भिंत फुगू लागते. भूकंपप्रवण भागात ही बाब दुर्लक्षिण्यासारखी नाही.

उपाययोजना :
१) सायंकाळी सर्व बिळे मातीने बुजवावीत. सकाळी जी उकरलेली दिसतील, तीच वापरातील बिळे होत. उंदरांचा बंदोबस्त केल्यावर ती दगडाच्या चिपा व सिमेंट-वाळूच्या मिश्रणाने पक्की बुजवावीत. नुसती माती पुन्हा उकरली जाते.
२) भिंतीच्या सांध्यांतील सैल माती काढून दरजा भराव्यात. छोटा उंदीर सुमारे ६ मिलिमीटरच्या फटीतूनही आत येतो. म्हणून मोरीच्या तोंडाला बारीक, मजबूत जाळी बसवावी.
३) नव्या बांधकामात पायालगत सुमारे ६० सेंटिमीटर खोल काँक्रीटची आडभिंत घालून तिचा तळ ३० सेंटिमीटर बाहेर वळवावा. खाली खणत आलेली घूस तेथे अडते.
४) घराभोवती मुरूम टाकून बाहेरच्या दिशेने उतार द्यावा. कडब्याची गंजी व सरपण भिंतीला टेकवून ठेवू नये.
५) धान्य पत्र्याच्या कोठीत, भिंतीपासून हातभर अंतरावर ठेवावे. न वापरत्या घरात धान्य ठेवूच नये.

विषाचा वापर :
विषाने उंदीर तात्पुरते कमी होतात. अन्न व आसरा कायम राहिल्यास त्यांची संख्या पूर्ववत होते. गावात उंदीर आपोआप मरू लागल्यास मात्र विष घालू नये. मेलेल्या उंदरावरील पिसवा माणसाकडे वळतात व प्लेगचा प्रसार मुख्यतः त्यांच्यामार्फत होतो. अशा वेळी मेलेल्या उंदरांना हात न लावता प्राथमिक आरोग्य केंद्रास तत्काळ कळवावे. आधी पिसवांसाठी कीटकनाशकाची फवारणी आणि त्यानंतर उंदीरनाश, हाच क्रम योग्य होय.

समारोप :
उंदरांचा बंदोबस्त हा प्रामुख्याने बांधकाम व साठवणुकीचा प्रश्न आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या ग्रामीण शिबिरांत जोते, बिळे व धान्यसाठा यांची घरनिहाय पाहणी समाविष्ट केल्यास महाविद्यालये या कामी मोलाचा हातभार लावू शकतील.